वांद्रे नगरपालिका (१८७६–१९५०) : हाकेच्या अंतरावरचा कारभार

वांद्रे नगरपालिका १८७६ साली स्थापन झाली आणि १९५० साली बृहन्मुंबईत विलीन झाली. २०२६ हे तिच्या स्थापनेचे एकशे पन्नासावे वर्ष. आज वांद्र्यात जन्मलेल्या आणि वाढलेल्या कित्येकांनाही इथे एके काळी स्वतंत्र म्युनिसिपालटी होती, तिची स्वतःची घरपट्टी होती, स्वतःचे सभासद होते, हे ठाऊक नसते. पाटी उतरली, दफ्तर हलले आणि तिची आठवण महापालिकेच्या मोठ्या इतिहासात विरघळून गेली. पण खाडीकाठच्या एका गावाचे शहर होत असताना त्या गावाच्या अंगणात उभी राहिलेली ही संस्था होती. तिने काय केले, तिला काय जमले नाही आणि ती का गेली, हे नीट समजून घेतल्याशिवाय आजच्या उपनगरांच्या कारभाराविषयी बोलणे अपुरे ठरेल.

खाडीपलीकडचे गाव

वांद्रे हे मुंबई बेटावरचे गाव नव्हे. ते साष्टीचे दक्षिण टोक. मधे माहीमची खाडी, अलीकडे मुंबई आणि पलीकडे वांद्रे. १५३४ साली साष्टी पोर्तुगिजांकडे गेली. १६४० मध्ये त्यांनी वांद्र्याच्या टोकाला आग्वादचा किल्ला बांधला. १७३९ साली वसई पडली आणि साष्टीवर मराठ्यांचा अंमल पक्का झाला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. म्हणजे मुंबई बेट इंग्रजांकडे गेल्यानंतर शंभरावर वर्षे वांद्रे वेगळ्याच राज्यात नांदत होते. पुढेही कारभाराच्या दृष्टीने ते ठाणे जिल्ह्यात राहिले. मुंबईच्या इतके जवळ असून मुंबईचे नसणे, हे वांद्र्याच्या पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ आहे.

गाव तरी एक कुठे होते? चिंबईचा कोळीवाडा, रणवार, शेर्ली, राजन, पाली, कांतवाडी अशी लहान लहान गावठाणे, मधे भातखाचरे, ताडामाडांची राने आणि टेकडीवर मोतमाउलीचे देऊळ. कोळी, शेती करणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती, नवपाड्याचे कोकणी मुसलमान, पुढे पारशी, गोवेकर, मंगळूरकर आणि मुंबईतून हवापालटासाठी येऊन इथेच रमलेली मराठी व गुजराती कुटुंबे असा हा वस्तीचा मेळ होता. स्टेशनजवळचे मोठे तळे नवपाड्यातल्या एका धनिक कोकणी मुसलमानाने बांधले. पुढे त्याला स्वामी विवेकानंदांचे नाव मिळाले. सार्वजनिक पाण्याची सोय सरकारची वाट न पाहता गावातल्याच माणसाने केली, ही गोष्ट नगरपालिका येण्याच्या फार आधीची आहे.

दोन गोष्टींनी वांद्र्याचे नशीब बदलले. पहिली म्हणजे माहीमचा कॉजवे. खाडी होडीने ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात ते जिवावरचे काम असे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ साली हा रस्ता खुला झाला. दुसरी म्हणजे रेल्वे. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीची गाडी १८६० च्या दशकात वांद्र्यावरून धावू लागली आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली लोकल सुरू झाली. मुंबईत नोकरी करून संध्याकाळी वांद्र्याला परतणारा माणूस तेव्हापासून दिसू लागला. घरे वाढली, बंगले आले, आणि घरांबरोबर सांडपाणी, कचरा, अंधार आणि चिखल हे प्रश्नही आले. गावकीच्या जुन्या रीतीने ते सुटण्यासारखे नव्हते.

स्थापना आणि कायद्याची चौकट

मुंबई इलाख्यात मुंबई शहराबाहेरच्या नगरपालिकांसाठी १८५० चा कायदा होताच. १८७३ च्या डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल अॅक्टने त्याला नीट आकार दिला, आणि तो कायदा अमलात असताना १८७६ मध्ये वांद्रे नगरपालिका स्थापन झाली. सुरुवातीच्या नगरपालिकांवर सरकारी अंमलदारांचाच पगडा असे. कलेक्टर वा त्याचा सहायक अध्यक्षस्थानी बसे आणि सभासद बहुतेक सरकारनियुक्त असत. सभासदाने काय बोलावे याला मर्यादा होती, पण काय दाखवून द्यावे याला नव्हती. कुठला रस्ता वाहून गेला, कुठल्या विहिरीत घाण मिसळते, हे गावातल्या माणसाइतके अंमलदाराला कुठून कळणार?

१८८२ साली लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. त्याला अनुसरून मुंबई इलाख्यात १८८४ चा कायदा झाला आणि निवडून आलेल्या सभासदांना नगरपालिकेत हक्काची जागा मिळाली. मत मात्र सर्वांना नव्हते. ठरावीक कर भरणाऱ्या वा मालमत्ता असणाऱ्यालाच ते मिळे. कोळीवाड्यातला नाखवा, खाटीक, गाडीवान, सफाई कामगार यांना त्या यादीत सहसा जागा नसे. त्या काळच्या नगरपालिकांचे कौतुक करताना ही उणीव झाकून चालणार नाही. तरीही आपल्याच गल्लीतला माणूस निवडून देता येतो आणि पुढच्या वेळी त्याला पाडताही येते, ही सवय इथल्या मध्यमवर्गाला या संस्थांनीच लावली. १९०१ च्या आणि १९२५ च्या कायद्यांनी नगरपालिकांचे अधिकार वाढवले, लोकनियुक्त सभासदांचे वजन वाढवले आणि सरकारी अध्यक्षाची जागा हळूहळू बिनसरकारी अध्यक्षाने घेतली.

रोजचा कारभार

१९०१ च्या शिरगणतीत वांद्र्याची लोकसंख्या सुमारे २२ हजार होती. आजच्या हिशेबाने हा एका प्रभागाचाही आकडा भरत नाही. एवढ्या वस्तीच्या कारभारासाठी पैसा उभा करायचा तो घरपट्टीतून, वाहनांवरच्या चाकपट्टीतून, बाजाराच्या भाड्यातून आणि सफाईच्या करातून. खर्चाच्या बाबी चारच, पण रोजच्या : रस्ते, दिवे, सफाई आणि दवापाणी. शाळांचा भार त्यांच्या जोडीला होताच.

दिवाबत्तीचे काम कसे चाले ते पाहिले की त्या काळच्या नगरपालिकेचा स्वभाव कळतो. विजेच्या आधी रस्त्यावरचा दिवा म्हणजे खांबावर बसवलेली काचेची पेटी आणि आत रॉकेलची चिमणी. खांद्यावर शिडी, एका हातात तेलाचा डबा आणि कमरेला फडके अशा थाटात म्युनिसिपालटीचा माणूस दिवेलागणीच्या आधी निघे. शिडी लावायची, पेटीचे दार उघडायचे, काचेवरची काजळी पुसायची, वात कातरायची, तेल ओतायचे, काडी लावायची आणि शिडी उचलून पुढच्या खांबाकडे जायचे. पावसाळ्यात वाऱ्याने विझलेला दिवा पुन्हा लावायला त्यालाच फिरावे लागे. तेलाचा खर्च वाचावा म्हणून चांदण्या रात्री दिवे न लावण्याची पद्धत त्या वेळच्या अनेक नगरपालिकांत होती. एका दिव्यामागे एवढी मेहनत आणि एवढी काटकसर होती. दिवा लागला नाही तर कोणाला विचारायचे हेही सगळ्यांना माहीत असे, कारण तो माणूस रोज दारावरून जाई.

सफाईची गोष्ट अधिक कठीण आहे आणि ती स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. जमिनीखालची गटारे नव्हती. शौचकुपातला मैला माणसे हाताने उचलत, पाटीतून गाडीपर्यंत नेत आणि गाडी गावाबाहेर रिकामी होई. हे काम ठरावीक जातींच्या माणसांवरच लादलेले होते. बंगल्यांच्या स्वच्छ आवारामागे त्यांचे श्रम होते आणि नगरपालिकेच्या सभेत त्यांना आवाज नव्हता. ही प्रथा कायद्याने बंद करायला १९९३ आणि २०१३ साल उजाडावे लागले. वांद्र्याच्या आरोग्याचा इतिहास लिहायचा तर पहिला मान त्या अनाम कामगारांचा आहे.

सप्टेंबरात मोतमाउलीची जत्रा भरते. आठ सप्टेंबरच्या मागेपुढे आठवडाभर सर्व धर्मांची माणसे मुंबईतून आणि साष्टी, वसईतून लोटतात. मेणबत्त्या, मेणाचे हातपाय, चणे आणि गोड खाजे यांची दुकाने लागतात. २२ हजार वस्तीच्या गावात अशी गर्दी उसळली की पिण्याचे पाणी, रस्ते, सफाई आणि साथीचा धोका हे सगळे प्रश्न एकदम उभे राहतात. लहान नगरपालिकेची खरी कसोटी अशाच दिवसांत लागते.

शहराचे ओझे आणि प्लेगची वर्षे

मुंबईशी वांद्र्याचे नाते बरोबरीचे नव्हते. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी १८६० च्या दशकात शहरातले कत्तलखाने बंद करून वांद्र्याला मोठा कत्तलखाना उभारला. मुंबईला मांस हवे होते, पण त्याचे रक्त, दुर्गंध आणि सांडपाणी नको होते. ते खाडीपलीकडे गेले. १९७१ साली देवनारचा कत्तलखाना सुरू होईपर्यंत शंभरावर वर्षे वांद्र्याने हा भार सोसला. पाण्याचेही तसेच. मुंबईला नळाचे पाणी देणारी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) ही दोन्ही तळी साष्टीतच. डोंगर साष्टीचा, पाऊस साष्टीचा, आणि जलवाहिन्या निघाल्या मुंबईकडे. साष्टीतली गावे बराच काळ विहिरींवर आणि तळ्यांवरच अवलंबून राहिली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण आढळला आणि पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. लोक गाड्या भरभरून साष्टीत आले. वांद्रे, कुर्ला, अंधेरी इथे मिळेल त्या जागेत, झोपड्यांत, वाड्यांच्या पडव्यांत त्यांनी आसरा घेतला. आजारही त्यांच्याबरोबर आला. वांद्र्याच्या ख्रिस्ती गावठाणांत रस्त्याच्या कडेला आणि आवारांत आजही जे क्रूस दिसतात, त्यांतले अनेक त्या काळात लोकांनी रक्षणासाठी उभारलेले आहेत.

पण प्लेगने आणखी एक गोष्ट केली. दाटीवाटीच्या चाळींत राहणे म्हणजे मरण, हे शहरातल्या सुस्थित माणसाच्या मनावर कायमचे ठसले. प्लेगपासून पळून आलेल्यांपैकी काही परत गेलेच नाहीत आणि काहींनी पुढे इथे जमीन घेतली. मोकळी हवा आणि रेल्वेचे स्टेशन या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणारे ठिकाण म्हणून वांद्र्याची ओळख पक्की झाली. आता प्रश्न उभा राहिला की इतकी माणसे येणार असतील तर घरे कशी आणि कुठे उभी राहावीत?

आखणीचे पर्व

या प्रश्नाचे उत्तर १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात होते. हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा. त्याचा वापर ज्यांनी सुरुवातीला केला त्यांत वांद्रे आहे.

नगररचना योजना म्हणजे नेमके काय? समजा, भाताची खाचरे आहेत. एकाचे लांबट, एकाचे तिरके, एकाला रस्ताच नाही. मालकांकडून ही सगळी जमीन कागदावर एकत्र करायची. त्यावर आधी रस्ते, गटारे आणि मोकळ्या जागा आखायच्या. मग उरलेली जमीन सरळ चौकोनी भूखंडांत पाडून त्याच मालकांना परत द्यायची. प्रत्येकाचे क्षेत्र थोडे घटते, पण रस्त्याला लागून असलेला, घर बांधण्याजोगा भूखंड हाती येतो आणि त्याची किंमत वाढते. त्या वाढीचा काही भाग सार्वजनिक कामासाठी घ्यायचा. वाद झाला तर लवादाने निकाल द्यायचा. जमीन बळजबरीने हिसकावून न घेता सार्वजनिक रस्ता मिळवण्याची ही रीत आहे, आणि ती चालवण्यासाठी मालकांची तोंडओळख असलेली स्थानिक संस्थाच लागते.

वांद्र्यातल्या एखाद्या जुन्या इमारतीचा दस्तऐवज काढून पाहा. त्यावर 'टी.पी.एस.' (टाउन प्लॅनिंग स्कीम) ही अक्षरे, योजनेचा क्रमांक आणि पुढे 'फायनल प्लॉट नंबर' आढळतो. वांद्र्यात चोविसावा रस्ता, तेहेतिसावा रस्ता आणि खारमध्ये बारावा, चौदावा असे क्रमांकांचे रस्ते आहेत, ते या आखणीच्या काळाचीच साक्ष देतात. रस्ते आधी आले आणि नावे मागाहून. वळणावळणाच्या गावठाणातून बाहेर पडून अशा सरळ रस्त्याला लागले की गाव कुठे संपले आणि योजना कुठे सुरू झाली, हे पायांना कळते. रणवारसारखी गावठाणे मात्र या चौकटीत विरघळली नाहीत. लाकडी कठड्यांची दुमजली घरे, बाहेरून चढणारा जिना, पुढे ओटा असा त्यांचा बाज आजही काही ठिकाणी टिकून आहे.

याच सुमाराला सरकारचेही लक्ष उपनगरांकडे वळले. १ ऑक्टोबर १९२० रोजी ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि वांद्रे त्याचे मुख्य ठिकाण झाले. सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट खात्याने खारची वसाहत हाती घेतली. १९२४ साली खार स्टेशन सुरू झाले. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी स्थापन झाली आणि उपनगरांत विजेचे जाळे पसरू लागले. रॉकेलच्या चिमण्या गेल्या, शिडीवाला माणूस गेला. दहा वर्षांच्या आत जमिनीची आखणी, गाडी आणि वीज या तिन्ही गोष्टी जुळून आल्या आणि वांद्र्याचा कायापालट झाला.

विलीनीकरण

वाढ हीच नगरपालिकेची अडचण झाली. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत कारखाने आणि नोकऱ्या वाढल्या, फाळणीनंतर निर्वासित आले. १९४१ मध्ये मुंबई बेटाची लोकसंख्या सुमारे १५ लाख होती, ती १९५१ मध्ये २३ लाखांवर गेली. बेटावर मावेनासा झालेला लोंढा साष्टीत उतरला. घरपट्टीवर चालणाऱ्या लहान नगरपालिकांना या वेगाने भुयारी गटारे, मोठ्या जलवाहिन्या आणि रुग्णालये उभारणे परवडणारे नव्हते. सांडपाणी वांद्र्याचे असो वा कुर्ल्याचे, शेवटी एकाच मिठी नदीला आणि एकाच माहीमच्या खाडीला जाऊन मिळत होते. हद्दीच्या रेषा कागदावर होत्या, पाण्याला त्या माहीत नव्हत्या.

१९४८ साली नारायण मोडक आणि अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या विकासाचा आराखडा मांडला. शहर आणि उपनगरे यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, ही त्याची दिशा होती. हेच मोडक महापालिकेचे नामांकित अभियंते. वैतरणेच्या धरणातल्या जलाशयाला 'मोडक सागर' हे त्यांचे नाव दिले आहे. उपनगरांना दूरवरच्या धरणातून पाणी हवे असेल तर ते आणण्याचे बळ असलेल्या संस्थेत सामील व्हावे लागणार, हे उघड होते.

१९५० च्या एप्रिलमध्ये मुंबई महापालिकेची हद्द वाढली. पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेच्या बाजूला भांडुपपर्यंतचा मुलूख तिच्यात आला. वांद्र्याबरोबर कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ आणि जुहू या नगरपालिकाही विसर्जित झाल्या. १ फेब्रुवारी १९५७ रोजी हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली आणि बृहन्मुंबईला आजचा आकार आला.

हे विलीनीकरण वांद्र्यावर झालेला अन्याय नव्हता, असे माझे मत आहे. त्याशिवाय नळाला पुरेसे पाणी आले नसते, मलनिःसारणाची व्यवस्था झाली नसती. ज्या महापालिकेने वांद्र्यात कत्तलखाना ठेवला, तिच्याच सभागृहात वांद्र्याचा नगरसेवक हक्काने बसू लागला. आणि कर भरण्याची अट उरली नाही. प्रौढ मताधिकाराने कोळीवाड्यातल्या बाईचे मत आणि पाली हिलवरच्या मालकाचे मत सारखे झाले. जुन्या नगरपालिकेत हे कधीच नव्हते.

पण या सौद्यात एक गोष्ट हातून गेली, आणि तिची किंमत आपण अजून मोजतो आहोत. निर्णय घेणारा माणूस रस्त्यात भेटेनासा झाला.

आज काय घ्यायचे

वांद्र्याचा कारभार आज दोन विभाग कार्यालयांतून चालतो. पश्चिमेचा 'एच पश्चिम'मधून, पूर्वेचा 'एच पूर्व'मधून. जन्ममृत्यूचा दाखला, फेरीवाल्यांचा प्रश्न, तुंबलेले गटार यांसाठी नागरिक तिथेच जातो. म्हणजे जुनी गरज वेगळ्या नावाने शिल्लक आहे. नाही तो फक्त स्थानिक पातळीवरचा निर्णयाचा अधिकार. विभाग कार्यालय काम करते, पण विभागाचा पैसा कशावर खर्च व्हावा हे ठरवण्यात तिथल्या रहिवाशाचा वाटा फार थोडा आहे.

१९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. महाराष्ट्रात त्या स्थापन झाल्या, पण त्यांच्या हाती स्वतःचा कर वा पुरेसा निधी आला नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षे सगळा कारभार प्रशासकाकडे राहिला, तेव्हा प्रभागातल्या माणसाकडे जाब विचारण्याची जागाच उरली नव्हती. त्या काळात वांद्र्यातले नागरिक झाडे, पदपथ आणि गावठाणे वाचवण्यासाठी आपापल्या वस्तीत संघटित होत राहिले. ही धडपड पाहिली की १८७६ ची गरज अजून जिवंत आहे हे पटते.

पाणी, मलनिःसारण, वाहतूक आणि पूरनियंत्रण ही कामे बृहन्मुंबईचीच आहेत आणि ती तिथेच राहावीत. मोठ्या नळाला मोठीच संस्था लागते. पण पदपथ, मैदान, वाचनालय, मंडई, दवाखाना, गल्लीतला कचरा आणि गावठाणांचे जतन ही कामे विभागाला द्यावीत, त्यांच्यासाठी विभागात गोळा होणाऱ्या मालमत्ता करातला ठरावीक हिस्सा विभागातच ठेवावा आणि त्याचा जमाखर्च दर तिमाहीला विभाग कार्यालयाच्या दारावर लावावा. प्रभाग समितीच्या बैठका रहिवाशांना खुल्या असाव्यात आणि त्यात प्रश्न विचारण्याचा हक्क असावा. आवाका महापालिकेचा आणि जवळीक नगरपालिकेची, या दोन्हींची सांगड घालता येते. चौऱ्याहत्तर वर्षे चाललेल्या एका लहान संस्थेच्या इतिहासातून आपण घ्यायचा धडा हाच आहे, आणि तिच्या स्थापनेच्या दीडशेव्या वर्षी तो कृतीत आणण्याचा आग्रह वांद्रेकरांनी धरावा.